टॉवेलवरचं लेबल आणि खाडीतलं गवत: सोलापूरच्या एका कारखान्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेल विणणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे. आजोबांनी हातमागावर सुरुवात केली, मुलाने पॉवरलूम आणले, आता नातवाच्या हातात निर्यातीचं काम आहे. कारखान्याचं नाव, खाडीचं नाव आणि ओळख पटेल असे तपशील इथे दिलेले नाहीत. मधल्या पिढीच्या मालकांना सगळे अण्णा म्हणतात, आपणही तेच म्हणू. त्यांचा मुलगा कॉलेजात माझ्याकडे वनस्पतिशास्त्र शिकायचा. पुढे तो धंद्यात शिरला आणि वनस्पतिशास्त्र मागे पडलं, पण फोन नंबर राहिला.

युरोपातला त्यांचा मोठा खरेदीदार दरवर्षी प्रश्नावली पाठवतो. एका किलो टॉवेलला पाणी किती, रंग कुठले, बॉयलरमध्ये काय जाळता, सांडपाणी शुद्ध करणारी यंत्रणा (ईटीपी) चालू आहे का. एका वर्षी त्यात नवा रकाना आला: कारखान्याबाहेर पर्यावरणासाठी तुम्ही काय करता? तो रिकामा सोडला असता तरी ऑर्डर जाणार नव्हती. पण एमआयडीसीतल्याच दुसऱ्या निर्यातदाराने वृक्षारोपणाचे फोटो पाठवल्याचं कानावर आलं होतं, आणि सोलापुरात शेजाऱ्याच्या फोटोला फार वजन असतं.

याच सुमारास एक सल्लागार कंपनी दारात आली. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीत, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या चिखलपट्ट्यावर समुद्री गवत लावायचं, त्यात साठणारा कार्बन मोजायचा, तितक्या टनांचं प्रमाणपत्र कारखान्याला द्यायचं, आणि टॉवेलच्या लेबलवर त्याचा उल्लेख करायचा, असा त्यांचा प्रस्ताव होता. ग्रामपंचायतीचं पत्र जोडलेलं होतं. सादरीकरण देखणं होतं. निळंशार पाणी, त्यात हिरव्या फितींसारखी लांब पानं, वर पोहणारे मासे.

अण्णांनी मला बोलावलं ते एकाच प्रश्नासाठी. "सर, समुद्रात गवत उगवतं का ओ? का हे लोक आम्हाला गंडवायलेत?"

अडचण नेमकी काय होती

उगवतं, हे उत्तर सोपं होतं. हिप्परगा तलावात पाण्याखाली वाढणारी हायड्रिला मी बाटलीत घालून नेली होती. समुद्री गवतांपैकी हॅलोफिला हा वंश हायड्रिलाच्याच कुळातला आहे, आणि सगळी समुद्री गवतं ज्या गणात येतात त्याच गणात आपला अळूही येतो. शेवाळाशी त्यांचं नातं नाही. त्यांना मुळं असतात, चिखलात सरपटणारं खोड असतं, पाण्याखाली फुलं येतात, बी धरतं. जगभरात त्यांच्या सत्तरेक प्रजाती आहेत. कोट्यवधी वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज जमिनीवरून परत खाऱ्या पाण्यात उतरले.

या गवतात कार्बन साठतो, हेही खरं. समुद्रतळाच्या ०.२ टक्क्यांहून कमी जागेवर ही गवतं आहेत, तरी समुद्रात दरवर्षी गाडल्या जाणाऱ्या कार्बनपैकी सुमारे १० टक्के त्यांच्या वाट्याला येतो, असा प्रचलित अंदाज आहे. पानांची दाटी पाण्याचा वेग मंदावते, गाळ खाली बसतो, आणि त्या गाळात प्राणवायू जवळपास नसल्याने पालापाचोळा कुजायला फार वेळ लागतो. सल्लागारांनी यातलं काहीच चुकीचं सांगितलं नव्हतं, आणि त्यामुळेच प्रस्ताव तपासणं अवघड झालं. ढळढळीत खोटं असतं तर अण्णांनी पहिल्याच चहाला त्यांना वाटेला लावलं असतं.

अडचण तीन ठिकाणी होती. सादरीकरणातला फोटो भूमध्य समुद्रातल्या पोसिडोनियाचा होता. ते गवत आपल्या किनाऱ्यावर नाहीच. त्याची खोडं वर्षाला काही सेंटिमीटरच सरकतात आणि त्यांच्याखाली हजारो वर्षांचा, काही मीटर जाडीचा थर साठलेला असतो. कार्बनचे डोळे दिपवणारे आकडे मुख्यतः अशा थरांमधून येतात. महाराष्ट्राच्या खाड्यांमधल्या चिखलावर वाढतं ते हॅलोफिला बेक्कारी. त्याचं पान जेमतेम सेंटिमीटरभर असतं आणि खोड दोऱ्याइतकं बारीक. प्रस्तावात टनांचा हिशेब मात्र जागतिक सरासरी धरून केलेला होता.

दुसरी गोष्ट पाण्याची. समुद्री गवताला उजेड फार लागतो. पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचा सरासरी ११ टक्के भाग तळापर्यंत पोचला तरच ते तग धरतं. गढूळ खाडीत ते उथळ, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या पट्ट्यावरच का सापडतं, याचं कारण यात आहे. अशा पट्ट्यावर ते नसेल तर आधी विचारायला हवं की का नाही. गाळ जास्त येतो, होड्यांचे नांगर घासतात, की सांडपाण्यामुळे पानांवर शेवाळ चढतं? प्रस्तावात हा प्रश्नच नव्हता. जागा रिकामी आहे म्हणून लावू या, एवढाच युक्तिवाद होता.

तिसरी गोष्ट अण्णांनीच पकडली. "लावल्यावर जगलं किती, हे कोण मोजणार? लावणाराच?"

कागद आणि आकडे

अण्णांच्या प्रश्नाला जगभरातल्या अनुभवातून बऱ्यापैकी उत्तर मिळतं. २०१६ मध्ये समुद्री गवताच्या लागवडीच्या १७८६ प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात जगण्याचं प्रमाण सुमारे ३७ टक्के निघालं. लहान प्रमाणावरचे प्रयोग मोठ्या लागवडीपेक्षा जास्त फसले, आणि गवत ज्या कारणाने गेलं ते कारण आधी दूर केलं नसेल तर लागवड टिकत नाही, हेही त्यातून पुढे आलं.

सल्लागारांच्या सादरीकरणात अमेरिकेतल्या व्हर्जिनियाच्या किनाऱ्याचं उदाहरण होतं. ते खरोखर थक्क करणारं आहे, म्हणून मी अण्णांच्या मुलाला ते पूर्ण सांगितलं. तिथलं ईलग्रास नावाचं समुद्री गवत १९३० च्या दशकात एका रोगाने आणि १९३३ च्या वादळाने संपलं. त्याच्याबरोबर तिथली स्कॅलप नावाच्या शिंपल्यांची मासेमारीही बुडाली. १९९९ पासून शास्त्रज्ञांनी आणि स्वयंसेवकांनी ७ कोटींहून जास्त बिया पसरल्या, आणि आज तिथे सुमारे ३६०० हेक्टरवर गवत आहे. पण हे जमलं कारण तिथलं पाणी स्वच्छ होतं, उजेड होता. बी पोचत नव्हतं, एवढीच उणीव होती. आपल्या खाडीची उणीव कोणती, हे कोणी शोधलंच नव्हतं.

मग परवानग्या. २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेत समुद्री गवताचे पट्टे, कांदळवनं आणि जीवसृष्टी नांदती असलेले चिखलपट्टे ही तिन्ही सीआरझेड-१ए या सर्वांत संवेदनशील वर्गात आहेत. तिथे काही करायचं तर ग्रामपंचायतीचं पत्र पुरत नाही. सल्लागारांचा माणूस म्हणाला, "ते आम्ही बघून घेऊ." धंद्यात मुरलेल्या माणसाला हे वाक्य ऐकू येतं तेव्हा तो पाकीट आत ठेवतो. अण्णांनी तेच केलं आणि म्हणाले, "आधी जागा बघून येऊ."

पहिला निर्णायक टप्पा हा. मुलाचं म्हणणं होतं की खरेदीदाराला उत्तर द्यायची तारीख जवळ आली आहे, सही करून टाकू आणि जागा नंतर बघू. अण्णा अडून बसले. सूत घेतानाही ते गाठ हातात घेऊन बघतात, त्यांना चिखलही तसाच बघायचा होता.

खाडीवर

हिवाळ्यात, मोठ्या ओहोटीचा दिवस साधून आम्ही गेलो. सोलापूरहून सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाट उतरून रत्नागिरी. किनाऱ्यावरच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाई बरोबर आल्या. त्या परिसरात त्या वर्षानुवर्षं फिरल्या आहेत.

काठावरून पट्टा खरंच ओसाड दिसत होता. करडा चिखल, मध्येमध्ये हिरवट डाग, कुठेतरी शेवाळ साचलं असावं असे. बाईंनी एका डागाशी वाकून बोटाने चिखल सारला. खाली दोऱ्यासारखं खोड, त्यावर थोड्या थोड्या अंतरावर उभे देठ, आणि प्रत्येक देठाच्या टोकाला भाल्याच्या पात्यासारख्या इवल्या पानांचा झुबका. हॅलोफिला बेक्कारीच. ज्या जागेवर गवत लावायचं होतं तिथे ते आधीपासून वाढत होतं. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ही प्रजाती धोक्यात असलेल्यांमध्ये, 'व्हल्नरेबल' वर्गात आहे.

अण्णांचा चेहरा पडला. त्यांना कुरण अपेक्षित होतं. तमिळनाडू आणि श्रीलंकेच्या मधल्या पाकच्या (पाल्क) सामुद्रधुनीत किंवा मन्नारच्या आखातात ते दिसलं असतं. तिथल्या गवतावर दिवसाला ३०-४० किलो चारा खाणारे डुगाँग, म्हणजे समुद्री गाई, जगतात, आणि त्यांच्यासाठी तमिळनाडू सरकारने २०२२ मध्ये पाकच्या उपसागरात ४४८ चौरस किलोमीटरचं देशातलं पहिलं डुगाँग संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर केलं. तिथे समुद्रघोडे आहेत, समुद्रकाकड्या आहेत, पानांच्या आडोशाने वाढणारी कोळंबी आणि खेकडे आहेत. लक्षद्वीपच्या लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या आतल्या उथळ पाण्यात, हिरव्या कासवांनी गवत इतकं चरून टाकलं की गवतात वाढणारे मासे कमी झाले आणि कोळी कासवांवर चिडले. म्हणजे कासवं वाचवण्यात यश आलं आणि गवत संकटात गेलं. हा गुंता मी गाडीत सांगितला तेव्हा अण्णांना खूप आवडला होता.

इथे त्यातलं काही नव्हतं. गुडघे टेकून बसलो तेव्हा मात्र हळूहळू दिसायला लागलं. पानांवर चरणाऱ्या बारीक गोगलगायी, नखाएवढे खेकडे, डबक्यात टुणकन उडणारी कोळंबीची पिल्लं, चिखलातल्या किड्यांची भोकं. थोड्या अंतरावर तुतवार आणि चिखल्या पक्षी चोची खुपसत फिरत होते. गवताची मुळं वरचा चिखल धरून ठेवतात, आणि नुसत्या चिखलात जे टिकत नाही ते त्या पातळ आवरणात टिकतं.

काही बायका तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, वेचत होत्या. अण्णांनी त्यांना विचारलं, "ताई, ही जागा मोकळीच आहे ना?" त्यांतली एक कंबर सरळ करून म्हणाली, "मोकळी कुठली? आम्ही काय हवा खायला येतो काय इथे?" मग तिने दाखवलं: हिरवं जिथे आहे तिथे उकरत नाही, त्याच्या कडेने उकरतो. पावसात हे दिसत नाही, दिवाळीनंतर परत येतं. ग्रामपंचायतीने पत्र दिल्याचं या बायकांना कोणी कळवलेलं नव्हतं.

समोरचे पर्याय

सोलापूरला परतल्यावर बैठक झाली. सल्लागारांना गवत सापडल्याचं कळवलं, तेव्हा त्यांनी दुसऱ्याच दिवशी सुधारित प्रस्ताव पाठवला: गवत राहू द्या, त्याच पट्ट्यावर कांदळवन लावू, त्याचा कार्बन मोजायला सोपा.

मला सर्वांत धोकादायक वाटला तो हाच पर्याय, कारण तो ऐकायला सर्वांत चांगला होता. कांदळवन म्हटलं की कोणी नाही म्हणत नाही. पण तिवर-चिप्पीची झाडं भरतीच्या वरच्या टप्प्यात, साधारण मध्यम समुद्रपातळीच्या वर नीट वाढतात. त्याखालच्या चिखलावर रोपं लावली तर बहुतेक मरतात. फिलिपिन्समध्ये असे चिखलपट्टे आणि गवताचे पट्टे निवडून केलेल्या कांदळ लागवडी मोठ्या प्रमाणावर वाया गेल्या. आणि चुकून जगलीच तर सावली आणि साचणारा गाळ मिळून खालचं गवत संपवतात. तिसऱ्या वेचायची जागाही जाते. एक अधिवास लावण्यासाठी दुसरा मारायचा आणि त्याचं प्रमाणपत्र घ्यायचं, असा हा व्यवहार होता.

मुलाने पाकच्या उपसागरातल्या लागवडीला पैसे देण्याचं सुचवलं. तिथे गवताच्या जुड्या चौकटींना काथ्याने बांधून लावण्याची पद्धत रुळली आहे आणि कामात स्थानिक मच्छीमार आहेत. पर्याय वाईट नव्हता. पण सोलापुरातून त्यावर नजर ठेवणं शक्य नव्हतं, आणि लेबलवर टन छापायचा हट्ट तसाच राहिला असता.

चौथा पर्याय प्राणिशास्त्राच्या बाईंचा: काहीच लावू नका. जे आहे त्याचा नकाशा करा, ऋतूमागून ऋतू मोजा, त्या बायकांनाच त्या कामाचे पैसे द्या. खर्च अगदी थोडा, पण फोटोला शून्य किंमत. चिखलात बसलेल्या चार बायका आणि एक मोजचौकट, हे युरोपात कोणाला दाखवणार?

पाचवा कारखान्याच्याच आत होता. बॉयलरची वाफ थंड होऊन जे गरम पाणी तयार होतं ते नाल्यात जात होतं. ते परत बॉयलरला फिरवायचं, म्हणजे पाणीही वाचतं आणि इंधनही. फिटर हे काम कधीपासून मागत होता. यात एक गंमत आहे. सोलापूरचं पाणी कोकणात उतरतच नाही. ते सीना-भीमेतून कृष्णेला आणि तिथून बंगालच्या उपसागराला जातं. त्यामुळे कारखान्याचं सांडपाणी आणि रत्नागिरीची खाडी यांचा थेट संबंध लावणं ही नुसती भावनिक जोडणी ठरली असती. पाचव्या पर्यायाचा विचार त्याच्या स्वतःच्या गुणांवर झाला, आणि ते बरं झालं.

निर्णय

पारडं फिरलं ते एका कायद्यामुळे. मुलाने खरेदीदाराच्या कार्यालयाला सरळ विचारलं की लेबलवर कार्बनचा दावा हवा आहे का. उत्तर आलं: अजिबात नको. युरोपीय संघाच्या २०२४ च्या निर्देशानुसार, बाहेरून विकत घेतलेल्या कार्बन-भरपाईच्या प्रमाणपत्रांच्या जोरावर 'हे उत्पादन कार्बन-तटस्थ आहे' असं ग्राहकाला सांगता येणार नाही. अंमलबजावणीची तारीख २७ सप्टेंबर २०२६. असं छापलेला टॉवेल त्यांनाच अडचणीत आणणार होता. त्यांना हवी होती ती कारखान्यातल्या पाण्याची आणि इंधनाची खरी आकडेवारी.

म्हणजे ज्या गोष्टीसाठी एवढी धावपळ चालली होती ती कोणी मागितलेलीच नव्हती. मुलगा दोन दिवस गप्प होता.

अण्णांनी पैशांची वाटणी केली. मोठा भाग वाफेच्या पाण्याच्या फेरवापराला. छोटा भाग तीन हिवाळ्यांसाठी खाडीच्या नोंदींना: किनाऱ्यावरच्या कॉलेजचे विद्यार्थी चौकट टाकून मोजणार, तिसऱ्या वेचणाऱ्या बायका जागा दाखवणार आणि मजुरी घेणार, सगळी माहिती कॉलेजकडे आणि वनविभागाकडे जाणार. कारखान्याचं नाव कुठेही लावायचं नाही, ही अट अण्णांची. मुलाला ती पटली नव्हती, अजूनही पटलेली नाही. त्याचं म्हणणं असं की नाव नसेल तर पुढच्या वर्षी घरातच हा खर्च कोणाला आठवणार नाही. मला ते बिनबुडाचं वाटत नाही.

पुढे काय झालं

पहिल्या पावसाळ्यात पट्टा गायब झाला. जुलैमध्ये बायकांपैकी एकीने पाठवलेल्या फोटोत नुसता चिखल होता. अण्णांचा मला फोन: "सर, गेलं ना सगळं?" पुराचं गोडं पाणी आणि गाळ आला की हे गवत झडतं, आणि चिखलात राहिलेल्या बियांमधून आणि खोडाच्या तुकड्यांमधून परत उठतं. दिवाळीनंतर ते आलं, पण जागा बदलून. आधीच्या मोठ्या डागाच्या अर्ध्या भागावर गाळाचा थर बसला होता, आणि काठाकडे, जिथे आधी काही नव्हतं, तिथे नवे डाग होते.

हीच लागवड असती तर? जानेवारीत रोपं मोजली असती, जुलैमध्ये शून्य, आणि पुढच्या जानेवारीत आपोआप आलेलं गवत 'जगलेली लागवड' म्हणून खात्यावर जमा झालं असतं. असा हिशेब कोणी मुद्दाम खोटा करायचीही गरज पडत नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात नोंदींचा अनपेक्षित उपयोग झाला. खाडीत होड्या लावायला छोटा धक्का बांधण्याचा विचार सुरू होता आणि सुचवलेली जागा गवताच्या कडेला येत होती. कॉलेजने नकाशा पुढे केला. धक्का थोडा वर सरकवण्यावर बोलणं चालू आहे, कागदावर अजून काही नाही.

कारखान्यात इंधनाचा खर्च उतरला. खरेदीदाराच्या प्रश्नावलीत कारखान्याबाहेरच्या कामाचा तो रकाना मात्र सलग रिकामा जातो आहे.

काय वेगळं करता आलं असतं

खरेदीदाराला पहिल्याच आठवड्यात विचारायला हवं होतं. रकाना पाहून घरातल्या घरात अर्थ लावला गेला, आणि तो अर्थ महिनोन्महिने खरा मानला गेला. एका ईमेलचं काम होतं.

तिसऱ्या वेचणाऱ्या बायकांशी बोलणं हा योगायोग होता. त्या दिवशी भरती असती तर त्या भेटल्याच नसत्या. जागा 'रिकामी' आहे का, हे तिथे रोज उतरणाऱ्यांना विचारणं कोणत्याही किनारी प्रस्तावाच्या पहिल्या पानावर असायला हवं, आणि ग्रामपंचायतीचं पत्र म्हणजे त्यांची संमती असं धरून चालू नये.

फक्त हिवाळ्यातच मोजायचं ठरलं, त्यात पावसाळा सुटला. गवत कधी झडतं, किती दिवस पूर्ण नाहीसं असतं, कुठल्या भागात आधी उगवतं, हे कळायला जून ते ऑक्टोबरच्या नोंदी लागतात. तेव्हा खाडीत उतरणं जोखमीचं असतं म्हणून ते टाळलं गेलं, पण काठावरून ठरलेल्या जागेवरून फोटो घेणं शक्य होतं. आता तेवढं सुरू केलं आहे.

तिसऱ्या हिवाळ्यानंतर पैसे संपतील. बायकांची मजुरी पुढे कोण देणार, यावर कॉलेज आणि वनविभाग यांच्यात पत्रव्यवहार चालू आहे. अण्णा आणखी एक वर्ष द्यायला तयार आहेत. मुलगा म्हणतो, द्या, पण या वेळी नाव लावा.